सहा राण्या आणि एक सरळ ओळ

खरं सांगा, मधमाशी म्हटलं की तुमच्या डोक्यात मधाच्या बाटलीशिवाय दुसरं काही येतं का?

नाही येत. मला ठाऊक आहे. सत्यशीलाबाईंच्या वावरात जो येतो तो गाडीचा स्टँड लावायच्या आधी विचारतो, "अस्सल मध भेटन का?" मास्तर येतात, लाईनमन येतो, पांढरकवड्याहून नवराबायको येतात आणि रिकामी बाटली धुऊन-वाळवून सोबत आणतात. बाई म्हणतात, "मध नाई. माशा आहेत." मग समोरचा माणूस बाईंकडं असा पाहतो, जशी काही त्यांनी आटलेली म्हैस दावणीला बांधून ठेवली आहे.

एकानं तर तोंडावर विचारलं, "मंग कायले पाळता?"

"तुह्या तुरीले शेंगा लागाव म्हणून," बाई म्हणाल्या. "जाय आता."

तर ज्यांना मध पाहिजे त्यांनी इथंच थांबावं. ही गोष्ट माशांची आहे, आणि एका बाईची, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या डोक्याला जो ताप दिला त्याची.

केळापूरकडून आत वळलं की चार किलोमीटरवर आमचं गाव. गावाच्या टोकाला, जंगलाला लागून, बाईंचं दीड एकर. वय पन्नासच्या वर. अंगानं काटकुळ्या. नवरा गेला तेव्हा पोरगी पायल सातवीत होती. बाईंनी लोकांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला आणि दहा वर्षं दुसऱ्यांच्या बकऱ्या बटईनं पाळल्या. बटई म्हणजे बकरी मालकाची, चारापाणी तुमचं, आणि पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी तुमची. त्या बटईवरच बाईंच्या स्वतःच्या बकऱ्या उभ्या राहिल्या. पुढं कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना सातेरी, म्हणजे पेटीत राहणाऱ्या देशी माशांच्या, दोन पेट्या मिळाल्या. शिकवणारे साहेब पाच दिवस बोलले आणि गेले ते गेलेच. एक पेटी पावसाळ्यात मेली. दुसरीसमोर बाई वर्षभर पाटावर बसून राहिल्या आणि पाहून पाहून शिकल्या. कोणतंही पुस्तक नाही, कोणी गुरू नाही.

काय शिकल्या, तर घर फोडायला. चांगलं नाही वाटत ऐकायला, पण शब्द त्यांचाच आहे. पाऊस सरला, माशा वाढल्या की भरलेल्या पेटीतून पोळं बांधलेल्या दोन-तीन लाकडी चौकटी उचलायच्या. एकीवर पिल्लं, एकीवर खाणं, आणि दोन्हींवर बसलेल्या माशा. त्या छोट्या पेटीत ठेवायच्या. जुनी राणी जुन्याच घरात राहते. छोट्या पेटीला राणीचं कोठार द्यायचं. ते भुईमुगाच्या शेंगेएवढं असतं, पोळ्याच्या खालच्या कडेला टोक खाली करून लटकतं. त्यातून नवी राणी निघते. पाच-सहा दिवसांनी ती एका दुपारी उडते, वर आभाळात नरांना भेटते, परत येते आणि मग जन्मभर अंडी घालते. झालं नवं घर. याला आमच्याकडं पिल्लूपेटी म्हणतात.

आणि ही पिल्लूपेटी बाई बटईनं देतात. पेटी न्या, सांभाळा, वर्षानं तिची दोन घरं झाली की एक मला परत, एक तुमचं. बकरीसारखं. त्या घरातून मी पुढच्या बाईला देईन. आहे की नाही डोकं? एकाही साहेबाला हे सुचलं नाही.

पण बकरीसारखं म्हटलं आणि लोकांनी माशांना खरंच बकरी केलं. देवराव म्हणून आमच्यातले एक म्हातारे आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी संध्याकाळी पेटी उचलून घरात नेली, चोरीला जाईल म्हणून, आणि सकाळी दुसऱ्या दारासमोर ठेवली. चरायला गेलेल्या माशा जुन्या जागेवर येऊन घिरट्या घालत मेल्या. मी तेव्हा देवरावांना भर चावडीवर बोलले होते. "मामा, माशीले दावं नसते! तिले जागा पाठ असते, जागा! हातभर हलवली तरी तिचं घर हरवते." लोक हसले होते. मीही हसले होते. हे लक्षात ठेवा, कारण हसू माझ्यावरच उलटणार आहे.

हंसाबाईनं माशांना गुळाचं पाणी पाजलं, लेकरांना देतात तसं. माशांना हगवण लागली. बाईंनी कपाळावर हात मारला. "हंसा, साखरेचा पाक सांगतला होता न वं मी तुले?"

"गूळ पौष्टिक राह्यते म्हणे."

"तुले राह्यते! माशीले नाई!"

असं सगळं. तरी बाई थकल्या नाहीत. गेल्या वर्षी सप्टेंबर सरता सरता त्यांच्याकडं चार मोठ्या पेट्या धड होत्या. त्यातून त्यांनी सहा पिल्लूपेट्या केल्या. आमच्या महिला गटातल्या सहा बाया वाट पाहत होत्या, त्यात हंसाबाईही, तिची गुळाची चूक बाईंनी पोटात घातलेली. तूर फुलायच्या आधी पेट्या त्यांच्या वावरात जायला हव्या होत्या. सहा कोठारं, सहा राण्या. यातली राणी गेली तर ती पेटी संपली, कारण तोवर तिच्यात दुसरी राणी करायला कोवळी अंडीच उरलेली नसतात. आणि पुन्हा घर फोडायचं म्हटलं तर फेब्रुवारीशिवाय नाही. तोवर तूर फुलून झडून जाते. म्हणजे राण्या निघून, उडून परत येईपर्यंतच्या पंधरा दिवसांवर सहा घरांचं वर्ष टांगलेलं होतं. हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. अमरलाही सांगितलं होतं.

अमर म्हणजे आमचा ग्रामसेवक. पोरगा वाईट नाही, पण त्याचा सगळा जीव फोटोत. काहीही झालं की फोटो अपलोड. महिला गटांना मधपेट्या द्यायची एक योजना आली होती. ती आमच्या गटाला मिळावी म्हणून मी सहा महिने तालुक्याच्या ऑफिसात खेटे घातले. शेवटच्या वेळी तर साहेबांच्या दारात फतकल मारून बसले, तेव्हा कुठं पाहणीची तारीख निघाली. गुरुवार, दुपारी तीन. पाहणीत गटाचं काम दिसलं की वीस पेट्या मंजूर.

आणि सोमवारी लोहाऱ्याहून फोन आला. पायलचे दिवस पंधरवडाभर आधीच भरले. जावई तिथल्या एमआयडीसीत कामाला, घरात मोठं माणूस कोणी नाही. बाईंना जाणं भागच होतं. पिशवी भरता भरता त्या मला म्हणाल्या, "कौसल्या, राण्या कोठारातून निघाल्या आहेत. एकदोन दिवसात उडतीन. झाकण उघडू नोको. दुपारच्याले कोणाले सामने उभं राहू देऊ नोको. पाक मी टाकला आहे, मुंग्याइसाठी पेटीच्या पायाखाली वाट्यात पाणी आहे. तुले काहीच कराचं नाई. फक्त काही करू नोको."

किती सोपं काम होतं पाहा. काही करायचं नव्हतं. आणि तेवढंच मला जमलं नाही.

मंगळवारी अमर आला. वावरात उभा राहून त्यानं मोबाईलमधून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "कौसल्याताई, हे काय आहे? भंगारवाल्याचं दुकान आहे का?"

दिसायला तसंच होतं. मोठ्या चार पेट्या पलीकडं जंगलाच्या कडेला, नजरेआड; इथं सहा पिल्लूपेट्या सहा ठिकाणी. एक पळसाखाली पूर्वेला तोंड करून, एक बांधावर दक्षिणेला. एकीवर सिमेंटची पिवळी पिशवी ताणलेली, एकीवर ट्रकच्या चाकामागचं काळं रबर खिळ्यानं ठोकलेलं. एकीसमोर तुराट्यांची पेंडी उभी. एकीला लाल चकाकती पट्टी. एक पेटी चुन्यानं पांढरी, एक नुसतंच उघडं लाकूड.

अमर म्हणाला, "साहेब सरळ लाईन मागतात, ताई. एक रंग, त्यावर गटाचं नाव. फोटोत पेट्या मोजता आल्या पाहिजे. नाहीतर रिमार्क मारतात."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, तो अमरवर नाही आला, पेट्यांवर आला. सहा महिने मी भांडले आणि आमचं गाव त्या साहेबाला भंगार दिसणार? आमच्या बाया काय कोणापेक्षा कमी आहेत? पांढरकवड्याला हायवेवर ट्रक रंगवणारा एक पेंटर ओळखीचा आहे. त्याच्याकडून मी उरलेला निळा रंग आणला. बुधवारी पहाटे माशा आत असताना पेट्यांची दारं गवतानं बंद केली, हंसाबाईला हाताशी घेतलं, त्या सगळ्या चिंध्यापट्ट्या उपटून फेकल्या आणि सहाच्या सहा पेट्या निळ्या करून पळसापासून बांधापर्यंत एका दोरीत लावल्या. दीड-दीड हातावर. सगळ्यांची तोंडं एकीकडं. झाकण एकाही पेटीचं उघडलं नाही. बाईंचा शब्द पाळला, असं मनात म्हटलं. आणि देवरावांना चावडीवर बोललेली हीच बाई, बरं का! त्याच वावरात तर आहेत, चार पावलांनी काय होते, असा माझा हिशेब.

रंग वाळल्यावर दारं मोकळी केली. माशा बाहेर आल्या आणि हवेत नुसता गोंधळ. हंसाबाई म्हणाली, "काहून वं अशा फिरून राह्यल्या?"

"नव्या रंगाचा वास," मी म्हटलं. मोठ्या जाणकारासारखं.

गुरुवारी साहेब तीन वाजता आले. हो, बरोबर तीनलाच. सरकारी माणूस आयुष्यात एकदा वेळेवर येतो तो अशा दिवशी. पेट्यांच्या अगदी समोर उभे राहिले, अर्धा तास. "वा! याला म्हणतात शिस्त. बाकी गटांनी शिकावं." अमरनं बावीस फोटो काढले. निघताना साहेब हळूच म्हणाले, "थोडा मध मिळेल का, घरच्यासाठी?"

संध्याकाळी, उन्हं कलताना बाई आल्या. पायलला मुलगी झाली होती, आणि जावयाची आई गावाहून येऊन पोहोचली म्हणून बाईंना निघता आलं होतं. मी बातमी विचारायला आणि पाहणीची बातमी सांगायला एसटीच्या थांब्यापर्यंत गेले. पेढा त्यांच्या हातात आणि शब्द माझ्या तोंडात, असे आम्ही वावरात पोहोचलो. बाई थांबल्या. मग पिशवी खाली ठेवली.

"कोणी केलं हे?"

"मी. साहेब एवढे खूश झाले का बाई, तुम्ही..."

"माह्या राण्या उडून राह्यल्या होत्या, कौसल्या."

"झाकण नाई उघडलं मी. शप्पथ."

"झाकणाचं काय घेऊन बसली?" आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "थे पोरगी जन्मात पयल्यांदा घराच्या भायेर पडते. दारासमोर डोकं घराकडं करून मांगं-पुढं उडते. काय पाह्यते? रबर पाह्यते. पिवळी पिशवी पाह्यते. हे माहं घर, असं पाठ करते. मंग जाते. वापस येते तं घरच नाई! सहा निळे डबे. कोणत्या दारात जाईन थे?"

"कोणत्याबी जाईन," मी म्हटलं. खरंच म्हटलं. लाज वाटते लिहायला.

"दुसऱ्याच्या दारात गेली का त्या घरच्या माशा तिले जीव जाईपर्यंत दाबतात. तू काय समजली, पाहुणी म्हणून पाट टाकतीन?"

मी म्हटलं, आत्ता उचलून जुन्या जागी ठेवू. त्यांनी मान हलवली. या दोन दिवसांत जी राणी ही नवी जागा शिकली असेल तिचं पुन्हा घर हरवेल. हलवलं तरी मरण, नाही हलवलं तरी मरण. शेवटी त्यांनी पेट्या तिथंच ठेवल्या, दारं थोडी थोडी वेगवेगळ्या दिशांना वळवली आणि मी उकिरड्यात फेकलेली एकेक चिंधी शोधून परत लावली. मी मदतीला हात पुढं केला. "तू बस," म्हणाल्या. दुसऱ्या कोणी मला बस म्हटलं असतं तर मी ऐकलं नसतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी पेट्यांच्या मागं बसलो. बाईंच्या मांडीवर पाण्याची वाटी आणि पदरात रिकामी माचिस. अडीचच्या सुमाराला पाचव्या पेटीतून एक लांबट माशी निघाली, घुटमळली आणि गेली. बाई पुटपुटल्या, "हे एक आहे जित्ती." वीस मिनिटं आम्ही श्वास धरून होतो. मग ती आली. बाईंनी मला कोपरानं ढोसलं, "पाह्य, शेपटीले पांढरा दोरा. नराले भेटून आली." आणि ती उतरली तिसऱ्या पेटीवर.

पापणी लवायच्या आत दारातल्या माशांनी तिला घेरलं. एकीवर एक चढून लिंबाएवढा गोळा झाला आणि टपकन खाली पडला. बाईंनी तो गोळा नुसत्या हातानं उचलला. हातावर चार-पाच डंख बसले असतील, त्यांनी पाहिलंही नाही. गोळा वाटीतल्या पाण्यात टाकला. माशा भिजल्या, सुटल्या. मधे राणी. एक पंख फाटका, पण पाय हलत होते. बाईंनी तिला पंखांना धरून माचिसमध्ये घातलं, फटीला साखरेचा घट्ट पाक लावला आणि डबी पाचव्या पेटीत तिच्याच माशांमध्ये ठेवली.

"पाक खाऊन डबी मोकळी करतीन," बाई म्हणाल्या. "तवरीक वळखतीन तिले."

दहा दिवसांनी त्यांनी सहाही पेट्या उघडल्या. अंडी दोनच पेट्यांत. एक पहिली, एक पाचवी, फाटक्या पंखाची. बाकी चार पेट्यांत राणी नाही, माशा नुसत्या बसलेल्या, आवाजही वेगळा, कण्हल्यासारखा. त्या चारांच्या उरलेल्या माशा बाईंनी या दोन घरांत मिसळल्या. मिसळताना मधे भोकं पाडलेला पेपर टाकतात. तो कुरतडेपर्यंत माशांना एकमेकींच्या वासाची सवय होते. मी पेपर आणून दिला. बाईंनी उलगडला तर आतल्या पानावर पाहणीचा फोटो. निळ्या पेट्या, साहेब आणि मी, दात काढून. बाईंनी सुईनं त्याला भोकं पाडली. माझ्या तोंडावर दोन पाडली, असं मला तरी वाटलं.

त्यानंतर बाया जमल्या. हंसाबाई म्हणाली, "मले द्या पेटी. दोन आहेत न?"

"कोणालेच नाई," बाई म्हणाल्या. "ह्या दोन आता माय होतीन. फेब्रुवारीत फोडू."

"माही तूर फुलून राह्यली, बाई!"

"माही नाई फुलून राह्यली का?"

हंसाबाई माझ्याकडं वळली. "देवरावमामाले तं लय शिकवलं होतं तुनं. जागा पाठ असते म्हणे! आता कोणती जागा पाठ आहे तुही?"

"रंग लावाले तूबी होती."

"मी पाच वर्ग शिकली आहे. तू ऑफिसं हलवतं!"

मी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण महिन्यानं मंजुरीचं पत्र आलं. वीस पेट्या, सगळ्या एका रंगाच्या. सोबत अट: "पेट्या एका सरळ ओळीत, दर्शनी भाग एका दिशेस ठेवून, कायमस्वरूपी मांडाव्यात. आदर्श मांडणीसाठी सोबतचे छायाचित्र पाहावे." छायाचित्र आमचंच. माझी कर्तबगारी आता तालुक्यातल्या प्रत्येक गटाला नमुना म्हणून वाटली जात होती. डोकं आपटून घ्यावं असं वाटलं.

बाईंनी पत्र ऐकलं आणि म्हणाल्या, "मी अंगठा नाई देत." सही येते त्यांना, पण राग आला की अंगठा म्हणतात.

"पेट्या वापस जातीन बाई. सहा महिने फिरली मी."

"जाऊ दे."

मी ऑफिसात गेले. साहेबांना राणी समजावली, उडणं समजावलं, गोळा समजावला. साहेब म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पण फॉरमॅटमध्ये ओळ आहे." अर्धा तास मी भिंतीशी बोलत होते. शेवटी विचारलं, "साहेब, फॉरमॅटमधी माशी आहे का?"

"म्हणजे?"

"फोटोत पेटीच्या अंदर माशा पाहिजे, असं लिहिलं आहे का कुठं?"

त्यांनी कागद खालवर केला. नव्हतं लिहिलेलं.

मग काय. हे ऐकून बाईंनी अंगठा नाही, चक्क सही केली. पेट्या आल्या त्या दिवशीच, रिकाम्या, आम्ही त्या शाळेच्या मैदानात एका ओळीत लावल्या. अशी ओळ की फौजेनं पाहावी. अमरनं फोटो काढले, अपलोड झाले, शेरा आला: उत्कृष्ट. संध्याकाळी बैलगाडीत भरून पेट्या बाईंच्या वावरात आणल्या. आता त्यातली एकही दुसरीसारखी दिसत नाही. बाया घरून जे मिळेल ते आणून ठोकतात. देवरावमामांनी जुन्या दाराची कडी आणून दिली. मला बाई अजून हातोडा देत नाहीत.

ती वाचलेली दोन्ही घरं थंडीतून निघाली आहेत. फाटक्या पंखाचीच जास्त जोरात आहे, आठ चौकटी भरल्या. या महिन्याअखेर बाई घर फोडणार. सहाही बाया पुन्हा वाट पाहत आहेत, आणि या वेळी त्यांच्या वावरातली तूर नाही, कांद्याचं बी आणि जंगलातला फुलोरा आहे. मिळेल ते.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये केळापूरच्या बाजूनं आमच्या शिवारातून गेलात आणि पळसाखाली, बांधावर, कुठंतरी तिरप्या, वेड्यावाकड्या ठेवलेल्या पेट्या दिसल्या, तर तुम्ही साहेब असा, पुढारी असा नाहीतर माझ्यासारखे शहाणे असा, गाडी थांबवू नका, समोर उभे राहू नका, आणि बाबांनो, त्या सरळ करू नका.